दवाखान्याचाही दावा करा

(वनहक्क समित्यांच्या एकत्र बैठकीत केलेली ही मांडणी आहे. ज्या गावचे लोक येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी इथे छापली. ग्रामसभेत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावी.)



आजची बैठक वनहक्काच्या दाव्यांची. मग दवाखान्याची गोष्ट मधात कुठून आली, असं कोणी म्हणेल. त्याचं उत्तर आपल्याच गावात आहे. किती दावे मंजूर झाले, किती अपिलात पडून आहेत, हे आपण मोजतो. पण ज्याला पट्टा मिळाला त्याच्या बांधीत आज नांगर कोणाचा चालतो, हे आपण मोजत नाही. आम्ही फिरताना काही घरी विचारलं, तर सांगितलं, "तीन सालासाठी ठेक्यानं देली." कायले देली? "नागपूरले पेशंट नेला होता."

वनहक्क कायद्याचं कलम ४(४) आपल्याला पाठ आहे. ही जमीन वारसानं लेकराबाळांकडे जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कायद्यानं सावकाराला समोरचं दार बंद केलं. दवाखान्याच्या बिलानं मागचं दार उघडलं. सात-बारावर नाव आपलं आणि धानाचे कट्टे दुसऱ्याच्या घरी. म्हणून आम्ही म्हणतो, जमीन राखायची असेल तर आजारपणाची लूट अडवावी लागते. ती अडवायला कायदा आहे, कोर्टाचे निकाल आहेत. आपण जसा जमिनीचा दावा केला, तसाच दवाखान्याचा दावा करायला शिकायचं आहे.

चार वेळा 'नाही'

मागच्या रोवणीच्या दिवसांतली गोष्ट आहे. गावाचं, माणसाचं आणि दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण त्या घराला तिथंच राहायचं आहे.

बाईला बांधीत साप चावला. गावाला पक्का रस्ता नाही, नाल्याला पूर होता. गाडी गावात येईना. माणसांनी बाजेवर टाकून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. तिथून सरकारी दवाखान्यात. तिथं डॉक्टर हजर नव्हते, लस आहे की नाही हे कोणाला सांगता येईना. तोंडीच सांगितलं, "पुढं घेऊन जा." पुढं शहरातल्या खाजगी दवाखान्यात आधी डिपॉझिट मागितलं. योजनेचं कार्ड दाखवलं तर म्हणाले, हे इथं चालत नाही. नवऱ्यानं भावाला फोन करून बैलजोडी विकायला लावली. बाई वाचली. बैल गेले, आणि पुढं बांधीही ठेक्यानं गेली.

लोक म्हणतात, आदिवासी आधी पुजाऱ्याकडे जातो म्हणून मरतो. ह्या घरानं आधी सरकारी दवाखाना गाठला होता. चार ठिकाणी त्यांना 'नाही' ऐकावं लागलं. रस्ता नाही. डॉक्टर आणि लस नाही. पैसे भरल्याशिवाय भरती नाही. कार्ड चालत नाही. ह्या चारही 'नाही'ला कायद्यात उत्तर आहे. एकेक घेऊ.

पहिला 'नाही': रस्ता

आपल्याला सांगतात, जंगलाची जमीन आहे, रस्ता देता येत नाही, उपकेंद्र बांधता येत नाही, प्रस्ताव दिल्लीला जातो. नागझिऱ्याच्या आणि कोक्याच्या बाजूच्या गावांनी हे किती वेळा ऐकलं असेल.

ज्या कायद्यानं आपल्याला पट्टा दिला त्याच कायद्याचं कलम ३(२) उघडा. त्यात १३ सोयी लिहिल्या आहेत. शाळा, दवाखाना किंवा हॉस्पिटल, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची नळयोजना, रस्ता, समाजमंदिर वगैरे. ह्या सोयींसाठी शासन वनजमीन देऊ शकते. अटी दोनच. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागली पाहिजे आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. शिवाय ग्रामसभेची शिफारस पाहिजे. १९८० चा वनसंवर्धन कायदा त्याच्या आड येत नाही, असं त्या कलमातच लिहिलं आहे.

म्हणजे काय? काम करणारं खातं, जसं जिल्हा परिषद, अर्ज भरते. त्याला ग्रामसभेचा ठराव जोडते. वनपरिक्षेत्र अधिकारी जागा पाहतो, उपवनसंरक्षक मंजुरी देतो. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय हा कागद हलतच नाही. आपला भंडारा जिल्हा पेसा कायद्यात येत नाही, अनुसूचित क्षेत्रात आपलं नाव नाही. पण वनहक्क कायद्याला ती अट नाही. तो भंडाऱ्याला लागू आहे, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, सर्व तालुक्यांना लागू आहे.

आपण कलम ३(१) वर पंधरा वर्षं भांडलो, ३(२) कडे पाहिलंच नाही. उपकेंद्राला जागा नाही, असं ज्या गावाला सांगितलं, त्या गावानं येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा. गट नंबर टाकावा, झाडं मोजून लिहावी.

दुसरा 'नाही': डॉक्टर, औषध, खाट

आता पश्चिम बंगालची एक गोष्ट ऐका. ८ जुलै १९९२ ला हकीम शेख नावाचा शेतमजूर चालत्या रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार लागला. आधी मथुरापूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथं सोय नव्हती. मग रातोरात कलकत्त्याला. एका सरकारी हॉस्पिटलनं तपासलं, एक्स-रे काढला, ताबडतोब भरती करा असं लिहिलं, आणि खाट खाली नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. एकामागून एक सरकारी दवाखाने फिरून शेवटी त्याला खाजगीत भरती करावं लागलं. सुमारे १७ हजार रुपये खर्च झाला.

हकीम शेख एकटा असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण तो पश्चिम बंग खेत मजूर समिती ह्या शेतमजुरांच्या संघटनेचा सभासद होता. संघटनेनं सुप्रीम कोर्टात दावा टाकला. कोणत्या दवाखान्यात किती वाजता नेलं, कोणी काय सांगितलं, हे सर्व त्यांनी मांडलं. १९९६ साली निकाल लागला. कोर्टानं सांगितलं की सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. हकीम शेखला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. प्राथमिक आरोग्य केंद्रात तातडीच्या उपचाराची सोय पाहिजे, तालुका-जिल्ह्याचे दवाखाने सुधारले पाहिजेत, कुठं खाट खाली आहे हे कळण्याची व्यवस्था पाहिजे, ॲम्बुलन्स पाहिजे, हेही सांगितलं. आणि हे फक्त बंगालनं नाही, बाकीच्या राज्यांनीही करावं, असं म्हटलं.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, ज्या माणसानं हा हक्क सर्व देशाला मिळवून दिला तो आपल्यासारखाच मजूर होता. दोन, त्याच्यामागं संघटना उभी होती आणि तिनं हिशोब ठेवला होता.

आपल्या महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सगळीकडे. केसपेपरचेही पैसे नाहीत. ह्यात गरीब-श्रीमंत पाहायचं नाही, कोणतं कार्ड मागायचं नाही. पण ध्यानात असू द्या, नागपूरचं मेडिकल आणि मेयो हे वैद्यकीय शिक्षण खात्याचे आहेत, ते ह्या निर्णयात नाहीत. तिथं जाताना रेशन कार्ड सोबत ठेवा.

बाळंतिणीचं वेगळं आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम चालू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, सिझर झालं तरी मोफत. औषध, रक्त, तपासण्या, राहीपर्यंतचं जेवण, घरून दवाखान्यात आणि परत घरी पोचवायची गाडी, सर्व मोफत. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं तरी मोफत. 'बाहेरून आणा' म्हणून चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी फेकू नका. तीच आपला पुरावा आहे.

मोफत मिळालं म्हणजे झालं, असं नाही. ९ जानेवारी २०२१ ची रात्र भंडाऱ्याचा कोणीच माणूस विसरू शकत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. १० लेकरं गेली, ७ वाचली. नंतर चौकशी बसली, निलंबन झालं, शासनानं घरटी ५ लाख जाहीर केले. त्या माय-बापांनी काही चूक केली नव्हती. सांगितलं तसं सरकारी दवाखान्यात लेकरू ठेवलं होतं. जगण्याचा हक्क म्हणजे दवाखान्याच्या दारात घेणं एवढाच नाही, आत गेल्यावर जीव राखणं हेही त्यात येते. आपल्या दवाखान्यात आग विझवायचं सामान आहे का, वायरिंग कधी तपासलं, रुग्ण कल्याण समितीचा पैसा कशात गेला, हे विचारायला लेकरं जाईपर्यंत थांबायचं नाही. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत. आणि माणसाच्या जीवाशी संबंध असेल तर ४८ तासांत.

तिसरा 'नाही': आधी डिपॉझिट

खाजगी दवाखान्याला कायदा लागत नाही, असा आपला समज आहे. तो काढून टाका.

१९८८ साली परमानंद कटारा नावाचे एक कार्यकर्ते वर्तमानपत्रातली एक बातमी घेऊन सुप्रीम कोर्टात गेले. एका स्कूटरवाल्याला मोटारीनं उडवलं होतं. जवळच्या दवाखान्यानं सांगितलं, पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या. दुसरा दवाखाना वीस किलोमीटरवर. माणूस वाटेतच गेला. कोर्टानं सांगितलं, डॉक्टर सरकारी असो की खाजगी, समोर जीव जात असलेला माणूस आला तर त्याला वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य. पोलिसाची वाट पाहायची नाही. एका कात्रणावर हा निकाल उभा आहे.

दुसरं हत्यार मुंबई हायकोर्टाचं आहे, आणि ते खास महाराष्ट्राचं आहे. पुष्कळ मोठी हॉस्पिटलं ट्रस्टची असतात. धर्मादाय म्हणून त्यांना सरकारकडून सवलती मिळतात. १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशानं हायकोर्टानं त्यांच्यासाठी योजना लागू केली. ज्या धर्मादाय हॉस्पिटलचा वर्षाचा खर्च ५ लाखांच्या वर आहे, त्यानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत ठेवायच्या आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. ह्या खर्चासाठी हॉस्पिटलनं आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. त्या खात्याचं नावच निर्धन रुग्ण निधी आहे. म्हणजे मोफत उपचार मागताना आपण कोणाच्या खिशात हात घालत नाही. तो पैसा आपल्याच नावानं बाजूला काढलेला आहे.

आता निर्धन कोण? ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत आहे ते घर. दुर्बल घटक म्हणजे ३ लाख ६० हजारांच्या आत. आपल्या बैठकीतलं किती घर ह्याच्या बाहेर आहे, तुम्हीच पाहा. कागद म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड, ह्यातलं एक चालते. आणि तातडीचा रुग्ण असेल तर आधी भरती करून घ्यायचं, डिपॉझिट मागायचं नाही, असं योजनेत लिहिलं आहे.

भंडाऱ्यावरून नागपूर साठ किलोमीटरच्या आसपास. पेशंट बहुतेक तिकडेच पाठवतात. मग नागपुरात हॉस्पिटलच्या दारात उतरल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा, "हे हॉस्पिटल धर्मादाय आहे का? निर्धन रुग्णांच्या खाटा कुठे आहेत? सोशल वर्कर कोण आहे?" नाही म्हणाले तर तक्रार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करायची. सर्वच खाजगी दवाखाने धर्मादाय नसतात. म्हणून कोणते आहेत हे आधीच माहीत पाहिजे. पेशंट बाजेवर असताना ते शोधता येत नाही.

आणखी एक. बिल थकलं म्हणून पेशंटला अडवून ठेवणं, मेलेल्या माणसाचं शरीर न देणं, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ साली केलेल्या रुग्णहक्क सनदेच्या विरुद्ध आहे. असं झालं तर भांडत बसू नका, पोलीस ठाण्यात लेखी द्या. आणि पैसे भरले त्याची पक्की पावती घ्या. पैसे घेऊन चुकीचा उपचार केला, लुटलं, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. किंमत ५ लाखांच्या आत असेल तर तिथं फीसुद्धा लागत नाही. पण पावती पाहिजे.

चौथा 'नाही': कार्ड चालत नाही

महात्मा फुले जन आरोग्य योजना सर्वांना माहीत आहे. २०२३ च्या जुलैमध्ये शासनानं निर्णय काढला की ती आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना, ५ लाखांपर्यंत. ऐकायला चांगलं आहे. पण योजनेच्या यादीत जे उपचार आहेत तेच, योजनेत नाव असलेल्या दवाखान्यातच, आणि भरती झाल्यावरच मिळतात. तापानं फणफणला, दवाखान्यात दाखवून गोळ्या घेऊन परत आला, त्याचे पैसे योजना देत नाही. दर महिन्याला शुगरच्या, बीपीच्या गोळ्या लागतात, त्याचे नाही. आपला बहुतेक पैसा तर ह्यातच जाते. म्हणजे कार्ड खिशात आहे आणि माणूस उघडाच आहे. म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, कार्डावर विसंबून सरकारी दवाखाना सोडू नका. आपला खरा विमा म्हणजे गावाजवळचं चालू असलेलं आरोग्य केंद्र.

कागद नाही म्हणून परत पाठवणं हेही कायद्यात बसत नाही. ४ जून २०१० ला दिल्ली हायकोर्टानं दोन गरीब बायांच्या बाळंतपणाच्या प्रकरणात निकाल दिला. कोर्ट म्हणालं, गरिबासाठी योजना काढायच्या आणि मग गरीब असल्याचा पुरावा मागून त्यालाच दारात अडवायचं, हे चालणार नाही. अडलेल्या बाईला उपचार आधी. तो निकाल दिल्लीचा आहे, पण आपल्या अर्जात त्याचा दाखला देता येते.

सिकलसेलच्या घरांसाठी एक गोष्ट. आपल्या भागात हा आजार पुष्कळ घरी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आलं आहे. म्हणजे जिल्हा रुग्णालयातून तपासून दिव्यांग प्रमाणपत्र मागता येते. ज्यांचं पोरगं महिन्या-दोन महिन्यानं दुखण्यानं पडते त्यांनी हा अर्ज केलाच पाहिजे.

कोर्ट किती आणि आपण किती

आता कोणी म्हणेल, एवढे निकाल आहेत तर आपल्या दवाखान्यात डॉक्टर का नाही? प्रश्न बरोबर आहे. मेळघाटाकडे पाहा. कोरकू लेकरं कुपोषणानं मरतात म्हणून २००७ साली डॉ. राजेंद्र बर्मा मुंबई हायकोर्टात गेले. बंडू सानेंसारखे कार्यकर्तेही कोर्टात गेले. वर्षामागून वर्ष सुनावण्या चालल्या. कोर्टानं सरकारला किती वेळा फटकारलं, डॉक्टर पाठवा म्हटलं, अहवाल मागितले. तरी मेळघाटातलं लेकरू मरायचं थांबलं नाही.

ह्यावरून कोर्ट फुकट आहे असं आम्ही म्हणत नाही. ती केस नसती तर तिकडं साहेब लोक फिरकले नसते. पण कोर्टात सरकार अहवाल देते की डॉक्टर हजर आहे. गावातून कोणी तारखेवार लिहून आणलं की अमुक दिवशी कुलूप होतं, तरच तो अहवाल खोटा ठरते. जमिनीच्या दाव्यात आपण हेच केलं. पुरावा नाही म्हणाले, तर म्हाताऱ्या माणसांचे जबाब घेतले, जुन्या पावत्या काढल्या, स्थळपाहणीचा पंचनामा केला. दावा नाकारला तर कारण लेखी मागितलं. दवाखान्यातही तेच करायचं.

आणि वकिलाची भीती नको. आम्ही वकील नाही, तुम्हीही नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळते. उत्पन्नाची अट नाही. बाई कोणत्याही जातीची असो, तिलाही मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा कोर्टातच बसते, तालुक्याला त्यांची समिती असते. फोन १५१००. हायकोर्टात जायचं झालं तर नागपूर खंडपीठातही मोफत वकिलाची सोय आहे. बिगर आदिवासी गरीब शेजारी असतील, त्यांनाही सोबत घ्या. दवाखान्याच्या रांगेत जात वेगळी नसते.

गावात करायचं काम

ऐकून घरी गेलो तर उपयोग नाही. प्रत्येक गावानं हे काम वाटून घ्यावं.

१. वनहक्क समितीच्या फाइलजवळ दवाखान्याची एक वही ठेवा. पेशंट कोण, किती तारखेला, किती वाजता, कुठं नेला, डॉक्टर होते की नाही, कोणी काय सांगितलं, किती पैसे लागले. आशाताईला सोबत घ्या, तिच्यावर राग काढू नका. तीही आपल्यातलीच आहे.

२. पेशंट पुढं पाठवला तर रेफर चिठ्ठी मागायची. दिली नाही तर वहीत तसं लिहायचं आणि सोबतच्या दोघांची सही घ्यायची. "नाही म्हणता ना, मग लिहून द्या." हे वाक्य लहान पोरालाही पाठ पाहिजे.

३. प्रत्येक घराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार ह्यांच्या झेरॉक्स एका पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. दाखला बरे असताना काढायचा. तहसीलची रांग पेशंटसाठी थांबत नाही.

४. १०८ ची गाडी फुकट आहे. बाळंतिणीसाठी १०२. फोन केल्याची वेळ आणि गाडी आल्याची वेळ वहीत लिहा. गाडी आली नाही तर तेही लिहा.

५. ज्या गावाला रस्ता किंवा उपकेंद्र नाही त्यांनी कलम ३(२) चा ठराव करून जिल्हा परिषदेला द्यावा, पोच घ्यावी.

६. नागपुरातल्या धर्मादाय हॉस्पिटलांची यादी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून आणायचं काम आम्ही घेतो. पुढच्या अंकात छापू.

सहा महिन्यांच्या वह्या जमा झाल्या की आपण सर्व गावं मिळून जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ. तिथं काही झालं नाही तर विधी सेवा प्राधिकरणाकडे, आणि तिथूनही नाही तर नागपूर खंडपीठात. तेव्हा आपल्या हातात तक्रार नसेल, तारखेवार पुरावा असेल.

सरकारी दवाखान्यात आपण अजून हात जोडून उभे राहतो. साहेब, जरा पाहता का, म्हणतो. उपचार आपला हक्क आहे, त्याला हात जोडायची गरज नाही. डॉक्टर-नर्सशी बोलताना मान राखायचा, तेही अर्ध्या सामानात दुप्पट काम करतात. पण मान राखणं वेगळं आणि खाली मान घालणं वेगळं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं आपली वही घेऊन यायची. ज्या गावाची वही कोरी असेल त्या गावाला आम्ही विचारू, महिनाभर तुमच्या गावात कोणी आजारीच पडलं नाही का?

जल, जंगल, जमीन आणि जीव, चारही राखायचे आहेत. जय सेवा. जोहार.